लेफ्ट

मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यावरच्या खोलीत
साडेसातला आमचा वर्ग भरतो.
खाली सौदे संपलेले, जिन्यावर पिवळी धूळ.
मुजावर मॅडम आधी शिंकतात, मग खिडकी उघडतात,
मग पुस्तक.

आम्ही सात जण.
तोलार पायगोंडा मगदूम, वय एकसष्ट.
जन्मभर जी पोती तोलली
त्यांच्यावर छापलंय तरी काय, ते त्याला एकदा बघायचंय.
बेदाण्याच्या शेडवरच्या दोघी जावा,
दोघींत एक वही, उत्तरं मात्र वेगळी.
आणि मी, पॉलिशच्या मशीनवर असते.
माझ्या वहीचे कोपरे पिवळे;
चुकलेलं उत्तरसुद्धा लग्नपत्रिकेसारखं दिसतं.

मॅडम रोज एक आडवं वाक्य देतात.
सरळ वाक्य कुणीही वाचेल, म्हणतात,
आडव्यानं जीभ वळते.
परवा 'नाइफ' आला. त्यातला 'के' लिहायचा, बोलायचा नाही.
पायगोंडा म्हणाला, मग त्याला पगार कशाचा?

आजचं वाक्य फळ्यावर आलं:
द बोट वी लेफ्ट लेफ्ट.

थोरली जाऊ म्हणाली, मॅडम, एक लेफ्ट जादा पडलं.
नाही पडलं. सावकाश वाचा.
कुठं थांबायचं ते शोधा.

लेफ्ट म्हणजे डावा, हे पीटीच्या मास्तरांनी
छडीनं शिकवलेलं.
लेफ्ट म्हणजे सोडलं, हे मॅडमनी सांगितलं.
लेफ्ट म्हणजे निघून गेलं.
लेफ्ट म्हणजे उरलं, पोत्यात दोन किलो उरावी तसं.
जाणारा आणि मागं राहणारा एकाच शब्दात कोंबलेत.
कसली कंजूष माणसं,
दुसरा शब्द परवडला नाही?

मी 'बोट'वर बोट ठेवलं आणि निघाले.
द बोट वी लेफ्ट...
इथं थांबले.
ज्या बोटीतनं आम्ही उतरलो, ती
...लेफ्ट.

कृष्णा तेव्हा आमच्या गल्लीत शिरलेली.
बोट दाराशी लागली, बसलोही होतो.
गच्चीवर गाभण शेळी बांधलेली, म्हणून सासू हटून उतरली,
तिच्या मागं मी.
बोट गेली.
दोन रात्री आम्ही तिघी, वर आभाळ, खाली पाणी.
तिसऱ्या सकाळी ट्रॅक्टरची ट्यूब ढकलत
पायगोंडा आला.

हे मी वर्गात सांगितलं नाही.
नुसता अर्थ सांगितला. मॅडम म्हणाल्या, बरोबर.

मग त्यांनी उलटं दिलं, मराठीचं इंग्रजी:
'मी वाचले.'
मी लिहिलं, आय रेड.
आजचं रीड, कालचं रेड, स्पेलिंग एकच;
काल येऊन गेला का, ते वाचणाऱ्यानंच ओळखायचं.

पायगोंडानं माझ्या वहीत डोकावलं.
चूक, म्हणाला.
हिनं काय वाचलं नाही मॅडम, ही वाचली.
मी होतो तिथं.

मॅडमचा खडू हातातच राहिला.
गडी असता तर 'वाचलो' म्हणाला असता,
पुस्तक वेगळं, पूर वेगळा, भांडण मिटलं असतं.
बाईचं दोन्हीकडं एकच.
एरवी आमच्या भागात बायकाही आलो, गेलो म्हणतात,
घरात मीही 'वाचलो'च म्हणते.
वहीत शुद्ध लिहायला गेले
आणि घोळ झाला.

मॅडमनी बरोबरची खूण केली नाही, फुलीही नाही.
खाली दुसरं वाक्य लिहिलं, आय सर्व्हाइव्ह्ड,
आणि म्हणाल्या, दोन्ही वाच. मोठ्यानं.
'सर्व्हाइव्ह्ड'ला माझी जीभ तीनदा अडकली.
चौथ्यांदा निघाली.

सुटल्यावर जिन्याखाली
पायगोंडा एका पोत्यापुढं वाकून उभा राहिला.
अक्षराला अक्षर लावत गेला:
की...प. ड्रा...य.
म्हणजे काय गं?
कोरडं ठेवा.

भिंतीवर, त्याच्या खांद्याच्या वर
पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे.
त्यानं तिच्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं,
आणि खोकला येईस्तोवर हसला.