लाल पट्टी

दुपारी सव्वाबाराला मशीन अडकलं.
अर्धा फ्लेक्स बाहेर, अर्धा पोटात.
नंदूशेठ म्हणाले, "साफ कर सगळं,
नवी डिस्क दिवाळीनंतर बघू."
रविवार कारंज्यावरचं आमचं दुकान आठ बाय दहाचं,
सी ड्राइव्ह त्याहून अरुंद,
दोनशे एमबी उरलेले, पट्टी लाल.

आधी 'बॅकअप ऑफ'वाल्या काढल्या,
प्रत्येक फाइलीमागे न बोलावता उभी राहिलेली दुसरी.
मग फायनल, फायनल टू, फायनल नक्की,
तात्यांनी सांगितलेलं फायनल.
ओझरच्या द्राक्षपेट्यांची लेबलं, कुठल्याशा जुन्या हंगामातली.
एक लग्नपत्रिका, तीन तारखांची;
तिसऱ्या तारखेला तरी लागलं का, कोण जाणे.
जुन्या फॉन्टमधलं काही उघडलं तर नुसते चौकोन,
मध्येच एक शाबूत 'श्री'.
तोही गेला.

हात थरथरेल वाटलं होतं.
नाही थरथरला.
कंट्रोल दाबून वेचत गेले, मेथी निवडावी तशी.

'वाढदिवस' फोल्डरात रंगनाथअण्णा गांगुर्डे,
चार वर्षं एकाच फोटोत.
शर्टाचा रंग तेवढा मी बदलायचे.
पाचव्या वर्षी तोच चेहरा काळा-पांढरा केला,
वर 'भावपूर्ण' टाकलं, कडेला समई.
सगळं मिळून सव्वा जीबी.
डिलीट.

साडेचारला वेणूताई गांगुर्डे आल्या,
पिशवी पोटाशी धरून.
"बोर्डावरचा नको गं, तो आहे घरी, भिंतभर.
तू ज्यातून काढलास ना, तो मूळचा दे.
त्यात मी होते."

पट्टी अजून लालच होती,
कारण रिसायकल बिन रिकामी करायची राहिली होती.
घंटागाडी आली होती, गल्लीतून निघाली नव्हती म्हणायची.
शोधलं. परत आणलं. फाइल उघडली.
खालचा लेयर लपवलेला, त्याच्यापुढचा डोळा मिटलेला.
मी डोळ्यावर क्लिक केलं.

गंगापूर धरणाचा काठ, भन्नाट वारा,
अण्णांच्या खांद्यावर एक हात, हिरव्या बांगड्या,
आणि हातामागे अख्खी बाई.
एका दुपारी तो हात मी खोडला होता
बोट बोट करून,
आणि त्या जागी शर्टाचं कापड भरलं होतं.
सफाई चांगली जमली म्हणून
नंदूशेठनी चहा सांगितला होता.

वेणूताई स्क्रीनजवळ वाकल्या.
"पदर उडालाय. तोंडच नाही दिसत माझं."
मग थोडं थांबून,
"असू दे. हात आहे."

सहाला बिन रिकामी केली. एकोणचाळीस जीबी मोकळे,
पट्टी निळी.
उरलेला अर्धा फ्लेक्स बाहेर आला,
मधोमध शाईचा फरक पडलेला.
गिऱ्हाइकाला कळला नाही, मीही सांगितला नाही.

जायच्या आधी त्या फाइलीला नाव दिलं,
'काढू नये'.
नंदूशेठ विचारतील, कशाला ठेवलीस?
नाव वाचा म्हणेन.