तांबडा नर

ओनोरिन केळी सडत घालते चार दिवस आधी,
प्लास्टिकच्या बादलीत, वर ताडीचा गाळ.
पाचव्या दिवशी झाकण काढलं की
शेजारीण नाकाला पदर लावून विचारते,
तुझ्याकडे मेलंय तरी कोण?
कोणी नाही, ती म्हणते. धंदा आहे.

लोबायेच्या जंगलात वाट म्हणजे
एखाद्या हत्तीचा जुना विचार.
त्या विचाराच्या टोकाशी, वाकल्या फांदीला
ती टांगते जाळीचं नळकांडं.
खाली बशी, बशीत केळं,
मध्ये चार बोटं मोकळी जागा. दार उघडंच.
फुलपाखरू येतं, पितं, झिंगतं
आणि वर उडतं.
वरच उडतं.
आलो ती वाट खाली आहे
हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलेलं नाही.

आज अकरा सापडली. त्यांतले सहा नर तांबडे,
सर्दावलेल्या पेटीतली एकच काडी
अचानक पेटावी तसे.
छातीवर अंगठ्याची हलकी चिमट.
मग कागदाची त्रिकोणी पुडी,
निवडणुकीच्या पत्रकाची.
घडीत अर्धा उमेदवार अजून हात जोडून हसतोय.

बांगीला मोकोसे ब्लेड घेऊन बसतो.
पंख कापतो, डिंक लावतो,
काळ्या पुठ्ठ्यावर उभी करतो बाई:
उखळ, मुसळ, पाठीला पोर,
कमरेला तांबडंलाल कापड.
विमानतळावर तिला गिऱ्हाईक मिळतं.

एकदा त्यानं कोपरा फाटलेलं चित्र ओनोरिनला फुकट दिलं.
तिनं उजेडात धरून पाहिलं, बराच वेळ.
"पोर असं बांधलंस तर पडेल," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"हे कापड पुरुषाचं आहे."
मोकोसेला वाटलं, बोदाच्या हिऱ्याच्या खाणीत गेलेल्या
नवऱ्याची आठवण झाली असेल.
त्यानं दोन नाणी जास्त दिली.
तिनं घेतली.

जाळीत शेवटची उरलीय ती मादी. त्याच जातीची,
पण सांगूनही पटणार नाही तुम्हाला:
भिजल्या पानाचा रंग, कडेला मळकट पांढरं.
बांगीत हिला कोणी विचारत नाही.
ओनोरिन दोन बोटांत धरून तिला बाहेर काढते.
"जा बाई. कामं पडली असतील."

आत होती तोवर छताला धडका देत होती.
आता मात्र वर जात नाही.
गुडघ्याएवढ्या झुडपांतून,
जमीन हुंगत गेल्यासारखी जाते,
पानामागून पान तपासत,
अंडी कुठे ठेवावीत ते बघत.

ओनोरिन बशी पुसते. हाताला केळ्याचा वास
रात्रीपर्यंत जाणार नाही.