घट्टे

कुटबणच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला मी आणि अमोनियाचा वास.
शीतघराच्या नळ्यांवर हिम चढलं की पात्रांव खूश:
"बघ, कशी मस्त थंडी धरलीय!"
थंडी नव्हे पात्रांव, पांघरूण आहे ते.
नळीतला गारवा नळीतच कोंडून ठेवतं,
आणि मीटर धावत सुटतो.
मग मी गरम वायू सोडतो,
हिमाचे पापुद्रे धडाधड खाली,
कॉम्प्रेसरचा आवाज जरासा उतरतो.

जुन्या भिंतीत हातभर तूस भरलेला, भाताचा.
वर्षांनी तो खाली बसला.
वरची वीतभर पोकळी कुणालाच दिसत नाही,
फक्त बाहेरून तिथेच भिंतीला घाम फुटतो.

पहाटे पिएदाद येते, बांगड्यांची पेटी घेऊन.
थर्माकोल फुटलाय तिथे गोणपाट कोंबते.
"कोरडं घाल गे, ओल्यातून ऊब सरळ आत शिरते."
"जाणां रे," ती म्हणते,
"तू जल्मूंचे आदीं जाणां."

बाबांनी याच फरशीवर बत्तीस वर्षं लाद्या ओढल्या.
मस्टरवर नाव शाबा वेळीप,
हातमोजे कधी मिळाले, कधी नाही.
तळहातांवर घट्टे चढले, चिंचोक्यासारखे टणक.
चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवायचे
आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

मला ताप आला की तोच हात कपाळावर ठेवायचे
आणि थांबायचे.
आई म्हणायची, "तुमच्या हाताला काय कळणार?"
"येईल गं. जाडीतून यायला वेळ लागतो."
खूप वेळ थांबायचे.
मग मान हलवून वाकायचे,
मिटलेली पापणी माझ्या कपाळाला टेकवायचे.
अंगातली सगळ्यात पातळ कातडी.
पापण्यांचे केस गुदगुल्या करायचे.
"आहे," म्हणायचे. "बराच आहे."

काल पाळी संपवून घरी आलो.
बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले,
ओठ सुकलेले, चादर पायाशी.
कपाळावर हात ठेवला.
थांबलो.
काहीच पोचेना.
थर्मामीटर कपाटात कुठेतरी,
बहिणीने ठेवलेला, तिलाच ठाऊक.

वाकलो.
तरी लगेच सांगता येईना
किती आहे ते,
माझ्या पापणीवर अजून
शीतघराचा गारठा होता.