दार

रुवीतल्या आमच्या खोलीत
रोज रात्री नऊनंतर कधीतरी
राउटरचा हिरवा दिवा लाल व्हायचा.
पडद्यावर सुमेधाचं तोंड अर्धं उघडं,
"गॅसवाला आला होता, आणि"
पुढचं गोठलेलं.

सगळं करून पाहिलं.
तीस सेकंद बंद, मग चालू.
कपाटावरून फ्रिजवर, फ्रिजवरून खिडकीत,
तिथं तो आमच्यापेक्षा जास्त तापला.
सिजोनं वरच्या मजल्यावर संशय घेऊन पासवर्ड बदलला.
कंपनीची बाई आधी अरबीत, मग हिंदीत म्हणाली,
लाइन इकडून ठीक आहे.

शुक्रवारी मुकादमचाचा लुंगी खोचून जमिनीवर आडवे झाले,
वायर चाचपत चाचपत उंबऱ्यापर्यंत गेले.
बिजागरीजवळ ती चेपून चपटी.
दार लावलं की चिमटते, उघडलं की सुटते.

म्हणजे ज्यानं ज्यानं
घरच्यांशी जरा एकट्यानं बोलावं
म्हणून दार ओढून घेतलं,
त्यानंच.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

नवी वायर साडेचार रियाल. पगार दहा तारखेला.
तोवर दारात चप्पल अडकवलीय.
मलयाळम न येताही
सिजोच्या आईचे गुडघे आम्हाला पाठ झालेत.
आणि मी सुमेधाला
"बरंय, तू बोल" एवढंच म्हणतो,
चौघांना ऐकू जाईल असं.