फेब्रुवारीत मांडलेला जुलै

बाहेर उणे अठरा. लँडर गावातली नदी
बर्फाखालून आवाज न करता चाललीय.
आत, जेवायच्या टेबलावर
ऑरिनने नकाशा पसरलाय. कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, त्याचा चष्मा, माझा चष्मा
आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली.

घड्यांवर फाटलाय नकाशा.
एक अख्खी खिंड चिकटपट्टीखाली गेली,
तिची उंची आता वाचता येत नाही.
"अकरा हजार सहाशे," तो म्हणतो.
मी म्हणते, सातशे.
पोटऱ्या दोघांच्याही तिथे जाऊन आल्यात,
भांडण फक्त शंभर फुटांचं.

ब्याऐंशी साली कुठला आराखडा!
शुक्रवारी त्याच्या गॅरेजचं शटर पडायचं,
मी शाळेची बस उभी करून धावत यायचे,
मार्लिस आधीच गाडीत, हॉर्नवर हात ठेवून.
पाव, चीज, एक दोर.
दिवसाला सोळा मैल.
भिजलो तर भिजलो.
तळी तर आम्ही मोजायचोही नाही,
एकाच्या काठाने पुढच्याकडे, तिथून पुढच्याकडे.

आता मधोमध वजनकाटा,
आणि त्यावर सोनारासारखे वाकलेले आम्ही.
टूथब्रशचा दांडा कापला: चार ग्रॅम वाचले.
मग गुडघ्याचा पट्टा, दीडशे. दुसऱ्या गुडघ्याचा, दीडशे.
(बाशिंग बांधायचं वय गेलं, पट्टे आले.)
आठ दिवसांच्या गोळ्या,
खिंडीत बर्फाने अडवलंच तर आणखी दोन दिवसांच्या,
कानातल्या यंत्राचे सेल,
आणि ती जाड गादी, जिला मी
दहा वर्षं नावं ठेवली.
कापलेला दांडा टेबलावर पडून आहे.
त्याच्याकडे कुणी बघत नाही.

चढ अजून जमतो. चढाला दम लागतो,
थांबलं की दम परत येतो
हाक मारलेल्या कुत्र्यासारखा, जरा उशिरा.
उतार मात्र पायरीपायरीला हिशेब मागतो,
त्यात मागची उधारीही धरतो.
उतारवय हा शब्द ज्याने काढला
तो पाठीवर ओझं घेऊन
कुठून तरी खाली आला असणार.

"लामा भाड्याने मिळतात," ऑरिन नकाशाकडे बघत म्हणतो.
मी काहीच बोलत नाही.
"चौकशी केली नुसती. त्याचं नाव बिस्किट आहे."
मी तरीही काही बोलत नाही.
पण नाव विसरत नाही.

मार्लिसचा फोन येतो. खुब्यात स्टील बसवल्यापासून
ती आमचं पाकीट सांभाळते:
कुठून शिरणार, कुठे झोपणार,
रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही
तर शेरीफला काय सांगायचं.
पूर्वी सगळ्यात पुढे तीच असायची,
वळणावर थांबून ओरडायची, "मेलात काय रे?"
आज विचारते, "मधली नदी लाकडावरूनच ओलांडणार ना?"
आणि, "पाकीट जाड पाठवा, मला वाचायला हवं."

फोन ठेवल्यावर ऑरिन खोडरबर घेतो.
खिंड खोडतो. चिकटपट्टीवरून पेन्सिल सहज जाते.
एका तळ्यापाशी येऊन थांबतो, सहा मैलांवर.
नकाशावर त्याला नाव नाही, नुसता आकडा.
"इथे आपण कधी थांबलोय?"
"एकदा. माझ्या बुटात खडा गेला होता तेव्हा."
"किती वेळ?"
"खडा निघेपर्यंत."
तो तिथे गोल काढतो.
गोलात चार लिहितो. चार रात्री.

चार रात्री करायचं काय तिथे,
मी विचारते, आणि त्यालाही ते माहीत नाही.
हीटर खडखडतो. खिडकीला आतून दव.

मी यादीतला दोर खोडते,
पत्ते लिहिते.
मग पत्त्यांचा जोड काट्यावर ठेवते.
दोन्ही जोकर काढते.
थोड्या वेळाने एक परत ठेवते.