शन्नाची वाट

सूरहून निघताना पहाटेचे साडेचार.
होडी फायबरची, तेवीस फुटी,
नाकावर मालकाच्या मुलीचं नाव, अरबीत: मौजा.
मराठीत वाचलं तर मौजच.

इब्राहिम सोलकर टॉर्च दातांत धरून वाकतो,
मग काढून बोलतो, मग पुन्हा धरतो.
"बसल्यासारखी दिसली म्हणजे बसली असं नसतं.
जॅक दोन वळसे फिरव. गाडीचं ढुंगण वर आलं
तरच धरलीय."
पिन. मग साखळ्या,
जिभेखालून, एकमेकींवर फुली मारून.
"सुटलीच, तर जीभ डांबरावर नको,
ह्या झोळीत पडू दे."

डावा दिवा लागेना.
प्लगची पितळी दाढ खाऱ्या हवेनं हिरवी झालेली;
सदऱ्याच्या टोकानं घासली. लागला.

मी वेलदूरचा. आमच्याकडे तीन पिढ्या
होडीनं माणसांना नेलं.
इथे मी होडीला नेतो, वाळवंटातून,
आणि ती पाठीमागून बघत असते
मला जमतंय का.

"वजन पुढे, पालशेतकर. दहातला एक वाटा जिभेवर."
जाळी, नांगर, बर्फाची पेटी, सगळं नाकाकडे सरकवलं.
शेपूट जड झालं की तेच हाकायला लागतं.

अल अश्खराच्या पुढे रस्ता वाळूच्या ताब्यात.
ओहोटीला पुळणीवरून पाणी उतरावं
तशी ती डांबरावरून सरपटते.
ऐंशी. त्याच्या वर नाही.
मागची लँडक्रूझर दिवे मारतेय. मारू दे.

मग तो पाण्याचा टँकर.
बाजूनं सुसाट गेला,
आणि त्याच्या मागची हवा आम्हाला ओढून गेली.
आरशात मौजा डावीकडे आली.
उजवीकडे.
पुन्हा डावीकडे, आता जास्त.
पायाला ब्रेक हवा होता.
पाय कुणाचं ऐकतो?
सोलकर ओरडला नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला,
नुसता.
मी गॅस सोडला. स्टिअरिंग सरळ धरलं,
वळवलं नाही, समजूत काढली नाही.
सत्तर. साठ. बावन्न.
होडी हट्ट करून दमली
आणि नीट मागून यायला लागली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
चार उंट रस्त्याकडेला उभे होते,
त्यांनाही काही विचारायचं नव्हतं.

पंपावर चाकांच्या हबला पालथा हात लावला.
उजवं कोमट, डावं चटका देणारं.
ग्रीस भरलं, चहा घेतला, निवेपर्यंत बसलो.
पट्टा अर्धा दात सैल झाला होता,
मला दिसलाच नव्हता.

शन्नाच्या उतारावर रिव्हर्स.
"स्टिअरिंग खालून धर. हात जाईल तिकडे होडी जाईल."
तीनदा ट्रेलर अडकित्त्यासारखा मिटला.
जाळी विणणारे दोघे हातातलं काम सोडून बघत बसले.
चौथ्यांदा चाकं पाण्यात गेली,
आणि मौजा उचलली गेली, आपण होऊन,
इतकी सहज, की मला थोडा रागच आला.

परतताना अंधार.
"आता जास्त जपून," सोलकर म्हणाला, "रिकामं जास्त उसळतं."
आणि तो उतरलाच नाही.
गुरुवारी त्याचं विमान आहे, मुंबईचं, परतीचं तिकीट नसलेलं.
मी टॉर्च दातांत धरून वाकलो.
पिन. साखळ्या, फुली मारून. डावा दिवा.
टॉर्चच्या रबरावर त्याच्या दातांचे खळगे होते,
माझे त्यांत बसत नव्हते.