टेपर

हनुवटी इथं, कपाळ पट्टीला,
आतल्या ठिपक्याकडं बघ, म्हणाली मशीनवरची बाई.
शिवांजलीनं श्वाससुद्धा धरून ठेवला.

उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
डोईचा केस सत्तर मायक्रॉन.
शाफ्टला दहाचा फरक चालतो,
बारा झाला की माल परत.
पण डोळ्यालाही जाडी असते
हे इंद्रजितच्या वेळी कळलं,
दोन वर्षांत चार चष्मे झाल्यावर.
तोवर आम्ही मोबाईललाच शिव्या घालत होतो.

भावंडं असतील तर आणा, डॉक्टर बोलले होते.
हिला तर काहीच नाही.
तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली
आणि माझ्याकडं बघितलं, बघा म्हणून.

मशीननं तिच्या बुबुळावर वर्तुळं पाडली,
एकात एक,
फेसिंग मारल्यावर जॉबच्या तोंडावर उमटतात तशी.
खालच्या अंगाला जरा दाटलेली.
मग रंग आले. हिरवा, पिवळा,
आणि डाव्या डोळ्यात खाली नारिंगी,
भट्टीचं दार किलकिलं राहावं एवढा.

सगळ्यात पातळ जागा चारशे एकोणऐंशी.
डॉक्टर शंकू म्हणाले, बाक म्हणाले.
मी म्हणालो, टेपर.
ते थांबले. हो, म्हणाले, टेपरच.

रिजेक्ट का, एवढंच विचारायचं होतं,
जिभेला दुसरा शब्द येईना,
म्हणून गप्प बसलो.

"थोरल्याला उशीर झाला. हिचं वेळेत सापडलंय.
सहा महिन्यांनी परत फोटो काढू,
वाढलं तर थांबवता येतं.
आणि डोळे चोळायचे नाहीत. अजिबात."

गळीत हंगाम चालू आहे.
कारखान्याची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर उतरते
आणि आमच्या घरात सगळेच मुठी वळून डोळे चोळतात.
आई चोळायची.
दिव्याला पिसं फुटल्यात रे, म्हणायची,
आम्ही हसायचो.

निघताना बाई म्हणाली, काका, तुम्ही पण बसा की,
दोन मिनिटांचं काम.
दुसरी पाळी आहे, म्हणालो.

गाडीवर मागं बसून ती पाट्या वाचत होती,
मोठ्यानं, एक डोळा झाकून, मग दुसरा.
व्हीनस कॉर्नरला सिग्नल लागला.
हँडलवरचा माझा हात सुटून वर गेला.

"पप्पा,"
आरशातून ती म्हणाली.